उजळपणाच्या डबीत औषध कशाला?

महोदय,

ठाणे स्टेशनच्या आसपासच्या काही दुकानांत आणि पार्लरांत आठवड्याभरात गोरेपणाची हमी देणाऱ्या, घटकांची यादी किंवा निर्मात्याचा पत्ता नसलेल्या क्रीमच्या डब्या सर्रास विकल्या जातात. अशा क्रीममध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइडे मिसळलेली असू शकतात. ‘डॉक्टर हीच औषधे लिहून देतात, मग ती क्रीममध्ये का चालत नाहीत?’ असे गिऱ्हाइके मला दुकानात विचारतात. प्रश्न रास्त आहे.

सोरायसिस या त्वचारोगावर क्लोबेटासोल गुणकारी आहे. पण ते कुठे, किती आणि किती दिवस लावायचे हे डॉक्टर ठरवतात, सलग दोन आठवड्यांपुढे सहसा नेत नाहीत आणि चेहऱ्यावर टाळतात. सौंदर्यप्रसाधन मात्र शाळकरी मुलीपासून गरोदर स्त्रीपर्यंत कोणीही, कोणाच्याही देखरेखीविना, वर्षानुवर्षे रोज लावते. म्हणूनच स्टेरॉइडे, ट्रेटिनॉइन (मुरुमांवरचे औषध) आणि प्रतिजैविके भारतीय मानक ब्युरोच्या प्रसाधनांतील वर्ज्य घटकांच्या यादीत आहेत.

स्टेरॉइडने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चेहरा सुरुवातीला खरोखरच उजळ दिसतो. फसगत होते ती इथेच. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांची जाळी उमटते, मुरुमे उठतात, लव वाढते. ट्रेटिनॉइनने त्वचेला ऊन सोसेनासे होते आणि गरोदरपणात ते वर्ज्य मानतात. प्रतिजैविक रोज थोडे थोडे लावल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि त्याचा त्रास क्रीम न लावणाऱ्यांनाही होतो.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये बाह्य वापराच्या १४ स्टेरॉइडांची ‘शेड्यूल एच’मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतील, सूट काढून घेतली. तरीही चिठ्ठीविना ट्यूब देणारे औषधविक्रेते आजही आहेत, हे याच व्यवसायातली म्हणून मला खेदाने लिहावे लागते. अन्न व औषध प्रशासनाने लग्नसराईची वाट न पाहता पार्लर आणि दुकानांतून या डब्यांचे नमुने घ्यावेत, तपासणीचे निष्कर्ष डबीवरील नावासह वृत्तपत्रांतून जाहीर करावेत आणि चिठ्ठीविना विक्री करणाऱ्यांवरही कारवाई करावी.

ज्यांनी असे क्रीम महिनोन्महिने लावले आहे, त्यांनी ती डबी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते एकदम बंद केल्यास चेहरा लालबुंद होऊन आग होऊ शकते, आणि त्या भीतीने अनेक जणी पुन्हा तेच लावू लागतात.

– एक औषधविक्रेती, नौपाडा, ठाणे