मानेचं दुखणं वेगळं ओळख

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

अर्धशिशी उठली की पार्लरमध्ये डोक्याला मसाज घेतेस, तो खुशाल घे. पण मान कडाकड मोडू द्यायची नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार रोहिण्या मानेतून वर जातात. दोन पुढून, दोन मागून मणक्यांच्या छिद्रांतून. मानेला हिसका बसला की एखादीचं आतलं अस्तर फाटू शकतं. रक्त भिंतीच्या थरांत शिरतं, तिथे गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत अडकली की पक्षाघात. कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने. हे क्वचितच घडतं, पण तरुणांच्या पक्षाघाताचं हे एक मोठं कारण आहे, आणि अर्धशिशी असणाऱ्यांत ते अधिक आढळतं.

घोळ होतो तो इथेच. दुखणं एका बाजूचं, म्हणून सगळे अर्धशिशीच समजतात आणि गोळी घेऊन झोपतात. तुझी नेहमीची कळ तुला पाठ आहे. मानेत किंवा डोळ्यामागे आजवर कधी नव्हती अशी कळ आली, एक पापणी खाली आली, त्या डोळ्याची बाहुली बारीक दिसली, कानात नाडीचे ठोके ऐकू आले, तर थांबू नकोस. मेंदूचा साधा स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. मानेच्या रोहिण्यांची अँजिओग्राफी (सीटी किंवा एमआर) करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. मानेला हिसका बसला असेल तर तेही सांग.

तुला डोकं दुखण्याआधी नागमोडी चमक दिसते, तो ऑरा. तो हळूहळू पसरतो आणि बहुधा तासाभरात जातो. पक्षाघात एकदम येतो: हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. तेव्हा 108 ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेव.

ऑरावाल्यांना गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट. सिगारेट आणि इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या तो आणखी वाढवतात. पाळी नियमित करायला कुणी गोळ्या लिहून दिल्या, तर ऑरा येतो हे आधी सांग. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा तांबी हे पर्याय असतात.

एर्गोटामीनची (अर्धशिशीवरची जुनी) गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नकोस, ती रोहिण्या आवळते. ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानसारखं अर्धशिशीवरचं औषध) घेतलं असेल तर 24 तासांत मुळीच नाही. आणि या आठवड्यात बीपी मोजून आकडा कळव.

तुझी,
आई