साखर 6.4 असतानाही आपण हृदयाची चौकशी केलीत

सांगली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आभाराचे पत्र लिहिणार आहे असे मी म्हणाले, तेव्हा ‘त्यात काय एवढं’ म्हणत आपण आपल्या औषध दुकानातल्या पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतलीत. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या बाबतीत आपण जे हेरलेत ते मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे त्याच चिठ्ठीवर नेणाऱ्या अनेक घरांनी वाचावे असे मला वाटते.

अण्णांची सारी हयात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली, त्यामुळे ताळेबंद जुळला की सारे ठीक, ही त्यांची सवय आजाराच्या बाबतीतही कायम राहिली. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.4 आल्याचा कागद ते आल्यागेल्याला दाखवीत. मधुमेहाची त्यांची गोळी तीन औषधे एकत्र केलेली होती : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. ती सुरू झाली तेव्हा त्यांचे हृदय धडधाकट होते. पुढे हृदयविकाराचा झटका आला, तोही छातीत न दुखता, नुसता घाम आणि मळमळ होऊन, जसा मधुमेहींमध्ये पुष्कळदा येतो. अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ करणारी, कोलेस्टेरॉलची आणि नाडी आटोक्यात ठेवणारी गोळी वाढली, पण साखरेची गोळी तशीच राहिली. साखर उत्तम असताना त्या गोळीकडे वळून पाहण्याचे कोणाला कारणच वाटले नाही.

पायांवर सूज येऊ लागली तेव्हा सर्वांनी बीपीच्या गोळीला दोष दिला, आणि त्यात तथ्यही होते, कारण अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे सर्वश्रुत आहे. आपण मात्र काउंटरवरून वाकून अण्णांच्या पायांकडे पाहिलेत आणि विचारलेत, “दिवाणजी, चपलेचा पट्टा कधी सैल करून घेतला?” मग त्यांना स्टुलावर बसवून नडगीवर अंगठा दाबलात. अंगठा काढल्यावरही तिथला खड्डा बराच वेळ भरून आला नाही. रात्री उशा किती लागतात, जिना चढताना मध्ये थांबावे लागते का, कमरेचा पट्टा घट्ट होतो का, हे आपण एकामागून एक विचारलेत. आडवे झाल्यावर दम लागतो म्हणून अण्णा दोन उशा घेत होते, हे घरात आम्हालाही त्या दिवशीच कळले.

आपण कोणतीही गोळी स्वतः बंद केली नाहीत, याचे मला विशेष वाटते. बिलाच्या पाठीमागे आपण लिहिलेत : ‘दोन्ही पायांवर सूज, आडवे झाल्यावर दम, वजन वाढले, पायोग्लिटाझोन चालू, एको व्हावा का?’ आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही ती चिठ्ठी मानापमान न धरता वाचली आणि लगेच मिरजेला एकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी पाठवले. पंपिंग, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदय त्यात भरलेल्या रक्तापैकी जेवढे बाहेर ढकलते ते प्रमाण, 35 टक्के निघाले, म्हणजे बरेच कमी.

पायोग्लिटाझोनने शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते आणि साखर खरोखरच उतरते. परंतु त्याच वेळी मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. हृदय मजबूत असेल तर ते जादा पाणी पेलले जाते, कमकुवत असेल तर तेच पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचते. म्हणूनच ज्याला हृदय निकामी होण्याची लक्षणे आहेत त्याला हे औषध देऊ नये, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात ठळक छापलेला असतो. औषध मुळातच वाईट आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पक्षाघात होऊन गेलेल्या आणि इन्सुलिनला नीट प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांमध्ये याच औषधाने पुन्हा पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण कमी झाले होते. मात्र त्या अभ्यासात हृदय निकामी झालेल्या रुग्णांना घेतलेलेच नव्हते.

साखर उतरली, पण हृदयाचे काय, हा आपला प्रश्न साऱ्या जगालाही फार उशिरा पडला. पायोग्लिटाझोनच्या कुळातलेच रोसिग्लिटाझोन हे औषध साखर कमी करते म्हणून जगभर विकले जात होते. 2007 मध्ये 42 चाचण्यांची एकत्रित छाननी झाली तेव्हा त्याने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो की काय, अशी शंका उभी राहिली. आपल्या देशात 2010 मध्ये त्यावर बंदी आली. अमेरिकेत पुढे फेरतपासणीनंतर 2013 मध्ये निर्बंध सैल झाले. त्या गदारोळाचा मोठा फायदा असा झाला, की मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाचा धोका अवाजवी वाढत नाही हे दाखवून द्यावे, असा दंडक अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर 2008 मध्ये घालून दिला. त्या चाचण्या सुरू झाल्या निरुपद्रवीपणा सिद्ध करण्यासाठी, आणि 2015 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीतून निघाले भलतेच : हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी झाले होते.

अण्णांना डॉक्टरांनी आता दिलेले डापाग्लिफ्लोझिन त्याच जातीचे आहे. मूत्रपिंडाने गाळलेली साखर रक्तात परत न घेता ते लघवीवाटे जाऊ देते, आणि तिच्याबरोबर थोडे मीठ व पाणीही बाहेर पडते. 2019 मध्ये 4,744 रुग्णांवरील चाचणीत, पंपिंग 40 टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांमध्ये, हृदय आणखी बिघडण्याचे वा हृदयरोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण या गोळीने 26 टक्क्यांनी घटले, आणि मधुमेह नसलेल्यांनाही तसाच फायदा झाला. 2020 मध्ये तिचे पेटंट संपल्यावर आपल्याकडच्या कंपन्यांनी ती स्वस्तात आणली, म्हणून पेन्शनवर चालणाऱ्या आमच्या घराला ती परवडते.

पायोग्लिटाझोन बंद झाले, ग्लिमेपिराइड निम्मे झाले, काही काळ लघवीची गोळी चालली आणि सूज उतरली. पण पुढच्या तपासणीत साखर 7.3 आली आणि घरात कुजबुज सुरू झाली. अण्णा तर खात्यात खोट निघाल्यासारखे खट्टू झाले. तेव्हा आपण दुपारच्या निवांत वेळी त्यांना 2008 सालची गोष्ट सांगितलीत. अमेरिका आणि कॅनडातील 10,251 मधुमेहींच्या चाचणीत निम्म्यांची साखर 6 च्या खाली आणण्याचा चंग बांधला होता. त्या गटात मृत्यू 257 आणि सौम्य उपचारांच्या गटात 203 झाले, म्हणून तो कडक उपचार मध्येच थांबवावा लागला. वय झालेल्या, हृदय दुखावलेल्या माणसाला सात-साडेसात साखर चालते, हे आकड्यांनीच सांगितल्यामुळे अण्णांना ते पटले. एरवी कोणाचे ऐकणारे ते नव्हेत!

संकष्टीचा उपास हा याहून अवघड विषय होता. गणपती मंदिरात दर्शन आणि चंद्रोदयापर्यंत निरंकार, हा अण्णांचा अनेक वर्षांचा नेम. गोळ्या मात्र सकाळी नियमाने घेत. ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही हे पाहत नाही, ते इन्सुलिन सोडवतेच. साखर एकदम घसरली की शरीरात अ‍ॅड्रिनलीन उसळते, आणि दुखावलेल्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात. त्यात नाडी आटोक्यात ठेवणारी मेटोप्रोलॉलची गोळी चालू असल्याने छातीतली धडधड आणि हातांची थरथर या खुणा झाकल्या जातात, घाम तेवढा येतो. ‘दिवाणजींना विनाकारण घाम फुटला तर आधी साखर खायला द्या, मग मशीन शोधा,’ हे आपले वाक्य आईने फ्रिजवर लिहून चिकटवले आहे. नव्या गोळीवरही कडकडीत उपास नको, कारण तिच्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते, हेही आपण बजावलेत. उलट्या-जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून ती थांबवायची, मोठ्या शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस बंद ठेवायची आणि जांघेत खाज आली तर संकोच न करता सांगायचे, असे आपण अण्णांना बाजूला घेऊन समजावलेत. हे शेवटचे ते मला कधीच सांगू शकले नसते.

आता संकष्टीला अण्णा सकाळी दूध आणि दुपारी राजगिऱ्याची भाकरी घेतात, आणि गणपतीची त्याला हरकत दिसत नाही. पुढचा एको दिवाळीनंतर आहे. त्याचा अहवाल घेऊन अण्णा स्वतः दुकानात येतील. मेटफॉर्मिनच्या पट्ट्याही तोवर संपत आलेल्या असतील, तेवढ्या कृपया काढून ठेवाव्यात.

आपली कृतज्ञ,
दिवाणजींची मुलगी