रस्त्याकडेची वीतभर खोली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षे मी मुंबईत नोकरी करतो आणि वर्षातून दोन-तीन वेळा, एखाद्या रविवारी पहाटे, एकट्यानेच मोटारसायकल काढून सह्याद्रीतल्या आडरस्त्यांवर दिवसभराची फेरी मारून रात्री घरी परततो. यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी केलेल्या अशाच एका फेरीत जे घडले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे ग्रामीण रस्त्यांच्या साइडपट्ट्यांविषयी आहे, म्हणजे डांबराच्या किंवा काँक्रीटच्या कडेपासून गटारापर्यंत मुरूम दाबून जी जागा तयार करायची असते, तिच्याविषयी. मोटारीतून जाणाऱ्याच्या ती नजरेतही येत नाही, म्हणून तो दिवस थोडा विस्ताराने सांगण्याची परवानगी द्यावी.

मुलुंडहून पहाटे साडेचारला निघालो. भिवंडीचा वळणरस्ता, कोन, दुर्गाडीचा पूल, कल्याण आणि रायत्याचा पूल ओलांडून मुरबाडला पोहोचेपर्यंत काळोखच होता. वैशाखरे गावाच्या पुढे उजाडू लागले आणि उजव्या हाताला नाणेघाटाचा नानाचा अंगठा हा कडा आकाशात स्पष्ट दिसू लागला. सातवाहनांच्या काळी कोकणातला माल त्याच घाटाने जुन्नरकडे चढत असे आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवला जातो. दगडात कोरलेली ती वाट दोन हजार वर्षांनंतरही पावलांखाली शाबूत आहे. माळशेज चढून मढ, पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी, डिंगोरे, उदापूर असे करीत आठच्या सुमारास ओतूरला चहा घेतला आणि तिथे राष्ट्रीय महामार्ग सोडून ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याला लागलो. कोतूळ, राजूर, शेंडी, भंडारदरा, बारी, घोटी आणि तिथून कसारा घाटाने परत, अशी साधारण पावणेचारशे किलोमीटरची ही फेरी आहे. हळवे भात कापणीला आलेले, गरवे अजून हिरवे, उतारांवर खुरासणीची पिवळी शेते आणि बांधांवर सोनकीची उरलीसुरली फुले असा तो पंधरवडा असतो. या दिवसांत या रस्त्यांवरून जाण्यासाठी मी अक्षरशः वर्षभर वाट पाहतो.

एकट्याने जाण्याचे कारण मला अनेकदा विचारले जाते. पाठीमागे कोणी बसलेले नसले आणि पुढे-मागे ओळखीच्या गाड्या नसल्या, की थांबण्याचा आणि निघण्याचा निर्णय आपला एकट्याचा राहतो, वेग आपोआप कमी होतो आणि माणूस रस्ता वाचू लागतो. कुठे खडी सुटली आहे, कुठल्या वळणावर शेतातून ट्रॅक्टरने चिखल आणला आहे, कुठे नागली वाळत घातली आहे, कुठल्या झाडाखालची सावली अजून दवाने ओली आहे, हे सारे चाकापर्यंत पोहोचण्याआधी डोळ्यांना दिसावे लागते. तरीही त्या दिवशी मी पडलो.

पडलो तो रस्ता याच पट्ट्यातला आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मी जे पाहिले ते एका गावापुरते नाही. काँक्रीटचा, नवा, स्वच्छ, एकपदरी रस्ता होता. समोरून एसटी आली. चालकाने वेग कमी केला होता आणि जितकी बाजू देता येईल तितकी दिलीही होती, त्याचा यात काडीचाही दोष नाही. मी डावीकडे सरकलो. काठावर कमरेएवढे गवत रस्त्याला टेकून उभे होते आणि त्या गवताखाली जमीन असेल असे मी गृहीत धरले. पुढचे चाक खाली गेले, मागचे वर राहिले आणि गाडी मला घेऊन आडवी झाली. हेल्मेट, जाड बूट आणि लेगगार्ड यांमुळे गुडघा सोलवटण्यावर आणि क्लचचा लिव्हर मोडण्यावर निभावले. एसटी थांबली, दोन प्रवासी उतरून धावत आले, शेतातून एक मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरून एक तरुण आला, त्याने गाडी उभी करायला हात दिला आणि अगदी साध्या स्वरात म्हणाला, “काका, पावसाळ्यापासून इथं पडणारे तुम्ही पाचवे. मागच्या महिन्यात मीच पडलो, चाळीस लिटर दूध गेलं.”

सगळे गेल्यावर मी गवत बाजूला करून काँक्रीटच्या काठापासून खालच्या मातीपर्यंत हात लावून पाहिला. एक वीत आणि वर चार बोटे. पुढे दोनशे पावले चालत गेलो, तिथेही कमी-अधिक तेवढेच होते.

यातला हिशेब सोपा आहे. एकपदरी ग्रामीण रस्त्याचा पक्का भाग ३.७५ मीटर रुंद करण्याचा निकष आहे आणि एसटीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. एसटी बरोबर मधून चालली तर दोन्ही बाजूंना जेमतेम बासष्ट सेंटिमीटर उरतात, आणि मोटारसायकलचे हँडलच पाऊण मीटरच्या आसपास रुंद असते. एसटीने आपली कड गाठली तरी समोरच्याला सव्वा मीटर मिळतो. पण वीतभर खोल काठाशी चाक नेण्याचे धाडस पन्नास प्रवासी घेऊन जाणारा चालक का करील? म्हणजे या रस्त्यावर दोन वाहने एकमेकांना ओलांडतील ती साइडपट्टीवर उतरूनच, हे रस्ता आखणाऱ्याने आधीच धरलेले आहे. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या नियमावलीत सपाट प्रदेशात अशा रस्त्याची साइडपट्ट्यांसह एकूण रुंदी साधारणपणे ७.५ मीटर धरलेली आहे, ती याचसाठी. साइडपट्टी हा रस्त्याचाच भाग आहे, आणि ती नसेल तर रस्ता अर्धाच बांधला गेला आहे.

खाली उतरण्यापेक्षा पुन्हा वर चढणे अधिक घातक असते, हे दुचाकी न चालवणाऱ्यांना ठाऊक नसते. काठाला जवळजवळ समांतर चाललेले चाक उभ्या कडेवर चढत नाही, तिला घासत राहते. चालक हँडल थोडे अधिक वळवतो, तरी ते चढत नाही. तो आणखी वळवतो, आणि मग चाक एकदम उडी मारून वर येते तेव्हा हँडल इतके वळलेले असते की गाडी थेट समोरून येणाऱ्या वाहनासमोर जाते. काही देशांत डांबराचा काठ उभा न ठेवता त्याला सुमारे ३० अंशांचा उतार देतात, म्हणजे खालची माती वाहून गेली तरी चाक सहज वर येते. आपल्याकडे तेवढे होईपर्यंत निदान मुरूम तरी भरलेला असावा.

हा मुरूम जातो कुठे, हे मी त्या पट्ट्यातल्या अनेकांना गेली काही वर्षे विचारत आलो आहे. काँक्रीट किंवा डांबर पडले की रस्ता झाला असे सगळेच मानतात. साइडपट्टी हे शेवटचे काम, ते पावसाच्या तोंडावर उरकले जाते. मुरूम नुसता पसरला जातो, पाणी मारून रोलरने थरांत दाबला जात नाही. पहिल्याच पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी काठाने वाहते आणि गटार नसल्यामुळे काठालाच गटार करून टाकते. जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की रस्ता दोन इंच उंच होतो, साइडपट्टी मात्र होती तिथेच राहते. नळयोजनेच्या किंवा केबलच्या चरासाठी तीच जागा खोदली जाते आणि चर सैल मातीने बुजवला जातो. यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधण्यात मला रस नाही. मात्र राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, चर खोदणारा तिसराच, अशी वाटणी असल्यामुळे ही जागा कुणाचीच राहत नाही, एवढे खरे.

येथे एक गोष्ट आवर्जून मांडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर, अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. त्या बंदीमागचे कारण मला समजते आणि मी ती पाळतो. परंतु राज्यातले सर्वांत उत्तम बांधलेले, सर्वांत काटेकोरपणे राखलेले रस्ते ज्याला सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद आहेत, त्याच्यासाठी उरलेले रस्ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी शासनावर अधिक येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आणि माझ्यासारखा हौसेने आलेला मुंबईकर वर्षातून एकदा त्या काठावरून जातो. दूध घालणारा तो तरुण रोज दोनदा जातो, काळोखात, दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्यांचे वजन घेऊन. शिक्षक, आशाताई, बाजारला निघालेले नवरा-बायको आणि टाकीवर बसलेले लेकरू, हे या रस्त्यांचे खरे वाहनचालक आहेत.

माझी संबंधितांना विनंती आहे की, साइडपट्टी दाबून, उतार देऊन, काठाशी समपातळीत आणल्याची खात्री होईपर्यंत ठेकेदाराचे अंतिम देयक देऊ नये. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांना बांधकामानंतर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेकेदारावरच असते, आणि रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर तिची मुदत लिहिलेली असते. त्या पाच वर्षांत दर पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आत, गवत कापून काठाची खोली प्रत्यक्ष मोजली जावी आणि ती नोंद ग्रामपंचायतीत लावली जावी. मोजायला यंत्र लागत नाही, फूटपट्टी पुरते. वळणांवर आणि एसटीच्या थांब्यांजवळ तरी साइडपट्टीला खडीकरण व्हावे, कारण वाहने उतरतात ती बहुधा तिथेच. हे करताना रस्त्याकडेच्या जुन्या वडांना आणि चिंचांना हात लावू नये, अशीही कळकळीची विनंती आहे. मी सांगतो आहे ती जागा झाडांच्या अलीकडची आहे.

आणखी एक. पडल्यानंतर पहिली पाच मिनिटे, एसटीतले लोक सोबत असताना, त्यांच्यातला एक जण १०८ क्रमांकाला फोन लावू पाहत होता. मोबाइलला रेंज नव्हती, पण असती तरी आम्ही नेमके कुठे आहोत हे कसे सांगणार होतो, कारण गेल्या कित्येक किलोमीटरमध्ये मला अंतराचा एकही दगड दिसला नव्हता. साइडपट्टीबरोबर तेही वाहून गेले किंवा काँक्रीटीकरणात उपटले गेले आणि पुन्हा बसवले गेले नाहीत. एकट्याने प्रवास करणाऱ्याला त्या दगडाचे मोल किती असते, ते त्या दिवशी कळले. मी प्रत्येक थांब्यावरून पत्नीला फोन करतो; त्या दिवशी कोतूळ ते राजूर या टप्प्यात तो झाला नाही आणि तिने तो दीड तास कसा काढला, हे मला घरी आल्यावर समजले.

लिव्हर मी नेहमी जादाचा बाळगतो, त्या दूधवाल्या तरुणाच्या मदतीने तो तिथेच बसवला. शेंडीला पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या भिंतीसमोर बराच वेळ बसलो. बारीच्या पुढे कळसूबाईचे शिखर पूर्ण मोकळे दिसले, घोटीच्या अलीकडे भाताच्या वासाने हवा जड झाली होती, आणि दुखऱ्या गुडघ्यासह कसारा घाट उतरून रात्री साडेआठला घरी आलो. अशा दिवसासाठी मी या रस्त्यांचा ऋणी आहे आणि त्याच ऋणापोटी हे लिहीत आहे.

काठावर वीत टेकवून काढलेली सात छायाचित्रे, जागेच्या नकाशासह, मी संबंधित कार्यालयाला टपालाने पाठवली आहेत. उत्तर आल्यास ते आपल्याकडे कळवीन. आपण ते याच सदरात छापावे. मार्चमध्ये, पळस फुलल्यावर, त्याच रस्त्याने पुन्हा जाण्याचा माझा विचार आहे. दूध घालणाऱ्या त्या तरुणाला तसे सांगूनही आलो आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई