कमी मार्क द्या, पण कारण लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात पुण्याजवळ झालेल्या एका आंतरशालेय घोडेस्वारी स्पर्धेचा निकाल तुमच्या खेळाच्या पानावर चार ओळींत आला होता. ज्या मुलांची नावं त्यात आली त्यांचं मनापासून अभिनंदन, सगळी मेहनती मुलं आहेत आणि मी पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात ती चौथी आली, आणि तिच्या मार्कांचं जे झालं ते माझ्या डोक्यातून महिनाभर जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

बऱ्याच वाचकांना घोडेस्वारी म्हटलं की उड्या आठवतात. उड्यांच्या स्पर्धेत भांडायला फार जागा नसते, दांडी पडली की चार फॉल्ट, पडली की पडली, सगळ्या मैदानाला दिसतं. ड्रेसाजचं तसं नाही. २० बाय ४० मीटरचं मैदान, कडेला ए, के, ई, एच अशी अक्षरं लावलेली, ठरलेल्या अक्षरावर ठरलेली चाल करायची, कुठे ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, कुठे कँटर म्हणजे संथ दौड, कुठे २० मीटरचा गोल, कुठे एकदम थांबायचं, आणि प्रत्येक हालचालीला जज शून्य ते दहा मार्क देणार, अर्धा मार्कसुद्धा चालतो. शेवटी सगळ्याची टक्केवारी. म्हणजे सगळा खेळ बघणाऱ्याच्या नजरेवर. ज्यांची मुलं मल्लखांब, जिम्नॅस्टिक नाहीतर भरतनाट्यमच्या स्पर्धांना जातात त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

मी स्वतः शाळेत मराठी शिकवते, बरीच वर्षं दहावीचे बोर्डाचे पेपर तपासलेत, त्यामुळे मार्क देणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की काय होतं ते मला माहितीये. तिसऱ्या गठ्ठ्यानंतर डोळे थकतात, चांगल्या अक्षराला नकळत अर्धा मार्क जास्त जातो, आधीचा पेपर फारच छान असला की पुढच्या पोरावर अन्याय होतो. माणूस आहे, होणारच. म्हणून तर बोर्डानं उत्तरपत्रिकेवर बारकोड लावला, मॉडरेटर नेमला, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची सोय दिली. आता घोड्याला काही बारकोड लावता येत नाही, कोण पोरगी कुठल्या क्लबची, घोडा कोणाचा, कोच कोण, हे सगळं लांबून येतानाच कळतं, आणि म्हणूनच बाकीच्या बाबतीत जास्त काळजी घ्यायला हवी ना!

झालं असं की आमच्या गटाला दोन जज होते, एक समोर सी अक्षरापाशी आणि दुसरे बाजूला ई पाशी. मुलीला सीच्या जजनी ६६.२ टक्के दिले आणि ईच्या जजनी ५८.२, सरासरी ६२.२. तिसऱ्या आलेल्या मुलाला सीकडून ६०.८ आणि ईकडून ६४.८, सरासरी ६२.८. दोन जजचे मिळून ५०० पैकी तिचे ३११ आणि त्याचे ३१४, तीन मार्कांचा फरक. हे सुद्धा मी सोडून दिलं असतं, पण ईचे जज त्या मुलाला आठवड्यातून तीन दिवस शिकवतात, हे मैदानावर सगळ्यांना माहीत होतं आणि आयोजकांनाही माहीत होतं.

घोड्याबद्दल पण सांगते. मुलीचा घोडा तिचा नाही, क्लबचा आहे, रेसकोर्सवरून निवृत्त झालेला, थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचा, आम्ही त्याला बादल म्हणतो. जुन्या काळी शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, तर आमची पोरं सगळी बारगीर. युरोपातून आणलेल्या वॉर्मब्लड घोड्याचा ट्रॉट बघताना डोळे दिपतात, त्याच्या चालीला बादलपेक्षा जास्त मार्क पडले तर ते बरोबरच आहे, चालीचे मार्क चालीला. पण स्वाराची बैठक, हात, पाय, याचे मार्क वेगळे असतात आणि ते घोड्याच्या किमतीवरून पडू नयेत एवढी अपेक्षा चुकीची आहे का?

त्या दिवशी निकाल फळ्यावर लागला आणि माझं डोकंच फिरलं. मी तरातरा आयोजकांच्या टेबलाकडे निघाले होते, माझ्या आधी एक बाबा तिथे पोचून मोठमोठ्यानं बोलत होते आणि त्या आवाजानं मागे उभा असलेला एक घोडा बिथरून सईसाच्या पायावर चढला. मुलीचे सर, सैन्यातून निवृत्त झालेले दफेदार, त्यांनी मला वाटेतच थांबवलं. म्हणाले, "ताई, आता नाही. पोरगी बघतेय तुमच्याकडे. आधी कागद मागा." कागद म्हणजे स्कोरशीट. टेबलावर मी शांतपणे मागितली तर म्हणे ज्युनिअर गटाला शीट देत नाही, फक्त निकाल सांगतो. चार दिवस फोन केल्यावर मिळाली.

तोपर्यंत नुकसान होऊन गेलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी तिची दुसरी टेस्ट होती आणि ती रागातच घोड्यावर बसली. मी कठड्याशी उभी होते, तिच्या मुठी मला दिसत होत्या, लगाम एवढा घट्ट की बादलनं मान वर काढली ती शेवटपर्यंत खाली आणलीच नाही, ट्रॉटला तो नुसता पळत होता. दोन्ही जजनी ५७ च्या आसपास दिले आणि दोघांचंही बरोबर होतं. स्वाराच्या मनात जे असतं ते लगामातून सरळ घोड्याच्या तोंडापर्यंत जातं. आदल्या दिवशीच्या तीन मार्कांपेक्षा हे मला जास्त लागलं.

शीट आली तेव्हा आम्ही तिघं तबेल्याबाहेरच्या बाकावर ती घेऊन बसलो. दफेदार म्हणाले, खालून वर वाच, आधी शेरा मग मार्क. सीच्या जजचा कागद भरलेला होता, बारीक अक्षरात, "घाई नको", "गोल अंड्यासारखा", "छान संथ". ईच्या जजच्या कागदावर शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. थांबण्याला ५, कारण नाही. लांब लगामावरच्या चालीला, ज्याला फ्री वॉक म्हणतात आणि ज्याचे मार्क दुप्पट धरतात, तिथे सीकडून ७ आणि ईकडून ५, कारण नाही. दोन मार्कांचा फरक, दुप्पट म्हणजे चार. तेवढी एकच चाल दोघांना सारखी दिसली असती तर ३१५ झाले असते.

मग व्हिडिओ काढला. फ्री वॉकमध्ये घोड्यानं मान खाली सोडून लांब पावलं टाकायची असतात आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडायला हवा. आम्ही एकेक फ्रेम थांबवून बघितलं, मातीत पुढच्या नालेचा अर्धचंद्र उमटलेला आणि मागचा पाय त्याच्या चांगला दोन बोटं पुढे पडतोय, एकदा नाही, सलग सहा पावलं. मुलगी ओरडलीच, "बघ आई!" पण दफेदारांनी तोच व्हिडिओ मागे नेला आणि थांबण्याच्या जागी आणला. सरळ समोरून बघितलं तर बादल चौकोनी उभा वाटतो, बाजूनं बघितलं तर डावा मागचा पाय एक वीत मागे राहिलाय. म्हणजे तिथे ईच्या जजचे ५ ठीक होते आणि सीच्या जजना ते बसल्या जागेवरून दिसणंच शक्य नव्हतं. म्हणून तर दोन जज दोन जागी बसवतात. हे तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. सगळंच खोटं नव्हतं. ईच्या जजनी "डावा मागचा मागे" एवढे तीन शब्द लिहिले असते तर हे तिला चार दिवस आधी कळलं असतं, आणि मग फ्री वॉकच्या ५ बद्दलही त्यांच्यावर विश्वास ठेवायला तिला जागा राहिली असती.

घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमातच लिहिलंय की ५ किंवा त्याहून कमी मार्क दिले तर निदान तेव्हा तरी जजनं कारण लिहावं. आणि ज्याला आपण शिकवतो त्याला जज करू नये हे पण तिथे हितसंबंधांच्या नियमात बसतं. दिलेल्या मार्कांवर प्रोटेस्ट करता येत नाही, बेरीज चुकली असेल तर गोष्ट वेगळी, पण जजनं जे पाहिलं ते पाहिलं. मला हे पटतं, नाहीतर एक स्पर्धा चार दिवस संपायची नाही. पण ज्याच्या निर्णयाला आव्हान देता येत नाही त्यानं निदान कारण तरी द्यायलाच हवं.

आणि हे दुखणं आजचं नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्वीडनचा बर्टिल सँडस्ट्रॉम ड्रेसाजमध्ये दुसरा आला होता, त्यानं घोड्याला तोंडानं टकटक आवाज करून इशारे दिले असं म्हणून त्याला थेट शेवटच्या नंबरवर टाकलं, तो सांगत राहिला की आवाज खोगिराचा होता. १९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला होतं पण ऑस्ट्रेलियातल्या क्वारंटाइनच्या कडक नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या, तिथे जर्मन जजनं आपले तीन स्वार पहिले तीन ठरवले आणि स्वीडिश जजनं आपले तीन! दोघांनाही नंतर निलंबित केलं. तिथपासून आजपर्यंत जजची संख्या वाढली, लंडन ऑलिम्पिकला ती सात झाली, आणि प्रत्येक जजचे आकडे वेगवेगळे जाहीर होतात, कोणी काय दिलं ते जगाला दिसतं.

आपल्याकडच्या मुलांसाठी हे सगळं लांबचं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारतानं ड्रेसाजचं टीम गोल्ड मिळवलं, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. घोडेस्वारीतलं गोल्ड ४१ वर्षांनी आलं, १९८२ च्या दिल्लीनंतर. भारताचे मार्क होते २०९.२०५. चीनला सिल्व्हर २०४.८८२ वर आणि हाँगकाँगला ब्राँझ २०४.८५२ वर. ते शेवटचे दोन आकडे माझ्या मुलीनं कपाटावर चिकटवलेत, फरक ०.०३ चा! एवढ्याशा फरकानं मेडलचा रंग ठरतो त्या खेळात शाळेच्या पातळीवर रकाना कोरा ठेवून कसं चालेल?

मुलगी यातून कशी बाहेर आली ते सांगते, कारण इतर पालकांना उपयोग होईल. दफेदारांनी तिला क्लबच्या सराव स्पर्धेत बाहेरून आलेल्या एका जजबाईंच्या शेजारी लेखनिक म्हणून बसवलं. जज बोलणार, ही लिहिणार. घरी आली ती हातच दाखवत, बोटं शाईनं निळी. म्हणाली, आई, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो गं, एक मार्क सांगेपर्यंत पुढची चाल सुरू होते, एकदा मी लिहीत बसले आणि पुढचा गोल आम्हा दोघींचा बघायचा राहिला असता. पण तरी त्या बाई प्रत्येक आकड्याबरोबर दोन शब्द बोलत होत्या, "वाकडा", "झोपलाय", "आता छान", ती सांगत होती. म्हणजे जमतं. त्या दिवसानंतर तिनं पुन्हा "मला हरवलं" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती बादलला थांबायला शिकवत होती, चौकोनी, पुन्हा पुन्हा, सईसदादा बाजूनं उभे राहून डावा पाय बघतायत आणि ही समोर बघून बसलीये.

माझी सगळ्या पालकांना एकच विनंती आहे की मैदानावर मुलासमोर जजला शिव्या देऊ नका, कारण मग पोराला वाटतं आपल्या हातात काहीच नव्हतं. शीट मागा, बेरीज तपासा, लेखी विचारा. आणि जे खरंच चुकीचं आहे ते गिळू पण नका, मुलीला मी स्पष्ट सांगितलंय की तुझा थांबा वाकडा होता हे खरं आणि तुला शिकवणीच्या पोरासमोर नीट न्याय मिळाला नाही हे पण खरं.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेची फी आम्ही भरलीये, आयोजक तेच आहेत. फॉर्मला मी एक अर्ज जोडलाय, त्यावर अकरा पालकांच्या सह्या आहेत, त्यात तिसऱ्या आलेल्या मुलाच्या आईची पण आहे. तीनच मागण्या आहेत, प्रत्येक मुलाला त्याच दिवशी शीट मिळावी, ५ किंवा कमी मार्कांना कारण लिहावं, आणि जो ज्या मुलाला शिकवतो त्यानं त्या गटात जज म्हणून बसू नये. उत्तर आलं की तुम्हाला कळवीन, ते चार ओळींत छापलंत तरी चालेल.

आपली,
एक शिक्षिका आणि आई, पुणे