बहुरूपी पुतणी

महोदय,
‘कला शिकून पोट भरतं का?’ असं विचारणारे आमचे नातेवाईक आता ‘ती खोट्या नावानं इन्स्टाग्रामवर काय करते?’ असं विचारतात. माझी पुतणी कलामहाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. नखांत कायम काळी शाई. छापचित्रासाठी रेघा ओढलेला जस्ताचा पत्रा आम्लात बुडवायचा, रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून फिरवायचा. मग शिसपेन्सिलीनं कोपऱ्यात ३/१०, म्हणजे दहा प्रतींतली तिसरी. शिल्पं झाली, हल्ली काच चालू आहे. भट्टीतली काच घाईनं थंड केली की तडकते, हे दोन वाट्या गेल्यावर कळलं.

इन्स्टाग्रामवर ती एक निवृत्त शिक्षिका असते. मलाही ते खटकलं होतं. पण अमालिया उल्मान या कलावतीनं २०१४ मध्ये तिथंच काही महिने बनावट आयुष्य रंगवलं आणि २०१६ मध्ये ते लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात मांडलं गेलं. आपल्याकडेही बहुरूप्याला कुणी तोतया म्हणत नाही.

मात्र त्या ‘बाईं’ना लोक आता आपली खरी दुःखं कळवू लागलेत. त्यांना काय उत्तर द्यायचं, हे वर्गात कुणी सांगत नाही. आम्ल हाताळताना हातमोजे घाला, एवढं मात्र पहिल्याच दिवशी सांगतात.

– एक काकू, सांगली