बाबा, पडद्याचा फोटो काढून घ्या

बंगळूरु,
रविवार

ती. आई व ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "अगं, कॉम्प्युटरवर डोळे तपासून आलोय, नंबर आहे तेवढाच आहे." तेव्हा मी जास्त बोलले नाही. हे सावकाश, कागदावर सांगण्यासारखं आहे. चष्म्याच्या दुकानातलं ते यंत्र डोळ्यात न दिसणारा प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून चष्म्याचा नंबर काढतं. तिथे त्याचं काम संपतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर काय चाललंय, ते त्यात कळत नाही. आणि बाबा, इतक्या वर्षांच्या शुगरमध्ये धोका असतो तो त्या पडद्याला.

मी इथे दिवसभर त्या पडद्याचेच फोटो बघते. नारिंगी-तांबूस गोल असतो. त्यात एका बाजूला पिवळसर, उजळ तबकडी दिसते. मेंदूकडे जाणारी नस तिथून निघते. तिथूनच रक्तवाहिन्या वर आणि खाली वळत पसरतात, आणि त्यांच्या मधोमध एक गडद जागा असते. आई सुईत दोरा ओवते, बाबा पेपर वाचतात, ते त्या एवढ्याशा जागेच्या जोरावर. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होऊन जागोजागी फुगतात. फोटो मोठा केल्यावर तिथे लाल ठिपके दिसतात. पुढे त्यांतून रक्त झिरपतं, चरबीचे पिवळे कण साचतात. हे सगळं मधल्या जागेपासून दूर असेल तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. एसटीची पाटी लांबून वाचता येते. म्हणूनच "मला स्वच्छ दिसतंय" यावर मी निर्धास्त राहू शकत नाही. लेसर आहे, इंजेक्शनं आहेत, पण त्यांचा खरा उपयोग आहे ती नजर राखायला. गेलेली नजर परत मिळेलच असं नाही.

शेजारच्या काकू विचारतात ना, तुमची लेक नेमकं करते काय? हे ठिपके कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचे, हे माझं काम. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांचा यावरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १,२८,१७५ फोटो वापरले. त्यांतले काही अमेरिकेतले होते आणि बाकीचे आपल्याकडच्या अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या रुग्णालयांतले. एकेक फोटो तीन ते सात डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासला. बाबा, तुम्ही बोर्डाचे पेपर तपासलेत. एकाच उत्तराला दोन परीक्षक वेगळे गुण देतात आणि मग मॉडरेटर लागतो. इथेही अगदी तसंच होतं. चांगले अनुभवी डॉक्टरसुद्धा एकाच फोटोवर सहमत होत नाहीत. ती सगळी मतं एकत्र करून कॉम्प्युटरला शिकवायचं.

आणि हे फक्त परदेशातल्या प्रयोगशाळांपुरतं राहिलेलं नाही. २०१८ मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत एक अभ्यास झाला. डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि इंटरनेटशिवाय फोनवरच निकाल मिळाला. २१३ मधुमेही होते. ज्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवणं गरजेचं होतं, त्यांच्यातला एकही सुटला नाही. ज्यांना पाठवायची गरज नव्हती, अशा शंभरातल्या साधारण बारा जणांना उगाच जावं लागलं असतं. मला हा सौदा मान्य आहे. एक हेलपाटा वाया गेला तरी चालेल. अगदी सुरुवातीचे सौम्य बदल मात्र काही जणांचे निसटले. तेव्हा एकदा "ठीक आहे" आलं म्हणून पुढची वर्षं निवांत राहायचं नाही. दरवर्षी फोटो.

अशा प्रोग्रॅमला शिकवलेला असतो तो बहुधा एकच आजार. शुगरचा परिणाम शोधायला शिकवलेला प्रोग्रॅम काचबिंदू असला तरी त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. आणि फोटोच अंधूक आला तर? आईला मोतीबिंदू सुरू झालाय, बाहुली लहान आहे, तिचा फोटो धूसर येण्याची शक्यता खूप. अशा वेळी प्रोग्रॅमने अंदाज ठोकू नये; "फोटो तपासण्यासारखा नाही, डॉक्टरांना दाखवा" असं स्पष्ट सांगावं. सध्या मी याच भागावर काम करते आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला स्वतःची मर्यादा सांगता येत नाही, अशा यंत्रापुढे मी तुम्हाला बसवणार नाही.

तर बाबा, या महिन्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. "चष्म्याचा नंबर नको, मागचा पडदा तपासा आणि फोटो काढा" असं सांगा. मध्यभागी सूज आहे अशी शंका आली तर ते ओसीटी करतील. त्यात प्रकाशाने पडद्याचे थर दिसतात, दुखत नाही, सुई नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. डोळ्यात थेंब टाकले की काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, म्हणून स्कूटर नको. रिक्षाने जा, गॉगल घ्या. आई, तूही त्यांच्याबरोबर जा आणि तुझेही डोळे त्याच दिवशी दाखव, "माझं नंतर बघू" म्हणू नकोस. फोटो मला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवला तर बारीक तपशील पुसले जातात. जमत नसेल तर समोरच्या दादाला सांगा.

तुमची,
मनू