खुले पत्र: मेलेल्या सासूचं मत दारूच्या दुकानाला कसं गेलं?

मा. मंत्री महोदय,
राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मागच्या रविवारी आमच्या गावात देशी दारूच्या दुकानावर मतदान झालं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. शाळेतल्या चौथीच्या वर्गात मी मोजणीला समोर बसले होते. आडव्या बाटलीच्या चिठ्ठ्यांचे पन्नास-पन्नासचे तेरा गठ्ठे झाले, वर एकोणचाळीस सुट्ट्या उरल्या. म्हणजे 689. उभ्या बाटलीला फक्त 31. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मतदान घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं, दुकान चालू राहील. यादीत 1,412 बायका आहेत, 707 मतं लागतात, अठरा कमी पडली. सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा दाराला झेंडूचा हार होता.

दारूचं दुकान बंद करण्याबाबतच्या 2008 च्या सरकारी आदेशातली अट आम्हाला माहीत होती. झालेल्या मतांची नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. पण ती यादी कशी आहे? बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर मी रात्रभर नावं लिहून काढली. मयत 23. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी 41. त्या वगळल्या तर उरतात 1,348, त्यांच्या निम्म्या 674. आम्ही जिंकलो होतो, साहेब. शंभरावर बायका उसाच्या फडात कर्नाटकात होत्या, त्यांचा हिशेब मी यात धरलेलाच नाही.

त्या तेवीस जणींत माझी सासू आहे. चार वर्षांपूर्वी वारली. नाव कमी करायचा नमुना 7 मी स्वतः दोनदा भरून दिला. सासऱ्यांच्या दारूपायी तिच्या पायातले वाळे गेले, नंतर माझ्या नवऱ्याने सोयाबीनचे पैसे तिथेच रिचवले आणि शेवटी तोही गेला. आता मेलेल्या सासूचं नाव त्याच दुकानाच्या पारड्यात पडलं. हे मला कुणी समजावून सांगावं.

दुकानवाल्याला मतं मागत फिरावंच लागलं नाही. बायकांना घरी बसवलं की झालं. मतदानाच्या दिवशी तुळजापूरला फुकट गाडी निघाली. शाळेच्या वाटेवर त्याची चार माणसं खुर्च्या टाकून बसली, कोण येतं ते बघत. मत गुप्त म्हणतात, पण जी घराबाहेर पडली ती आडव्या बाटलीची, हे सगळ्या गल्लीला कळलं. एकीला संध्याकाळी मार बसला.

माझी लेक अर्थशास्त्रात एम.ए. करते. तिने दाखवलं की जगात यावर अभ्यास झाले आहेत. पोर्तुगालच्या दोन अभ्यासकांनी युरोपातली सार्वमतं तपासून 2010 साली लिहिलं: किमान मतदानाची अट असली की गैरहजेरी दहा टक्क्यांहून जास्त वाढते, कारण विरोधकाला हरण्यापेक्षा घरी बसणं फायद्याचं पडतं. इटलीत कायदा रद्द करायच्या सार्वमतात निम्म्याहून जास्त मतदारांनी मत दिलं नाही तर ते बाद होतं. आमच्याकडे 720 जणींनी मत दिलं. इटलीच्या नियमानेसुद्धा हे दुकान बंद झालं असतं!

गोव्याचं घ्या. 16 जानेवारी 1967 ला तिथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारे 1,72,191, हवं म्हणणारे 1,38,170. यादीत मतदार 3,88,432. आमची अट लावली असती तर 44 टक्क्यांवर तो कौल फेटाळला गेला असता. ब्रिटन 2016 साली युरोपीय संघातून बाहेर पडायला निघाला तो एकूण मतदारांच्या 37 टक्के मतांवर. एक देश 37 टक्क्यांवर ठरतो आणि वेशीजवळचं एक दुकान 49 टक्क्यांवर हलत नाही?

तुम्हा लोकांना तरी ही अट कुठे आहे? 2024 च्या विधानसभेला राज्यात 66 टक्के मतदान झालं. यादीच्या निम्मी मतं मिळवायची तर झालेल्या मतांतली चारातली तीन घ्यावी लागतात. किती आमदार उरतील सभागृहात? चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी आली आणि 2021 ला उठली. उठवताना बायकांचं असं मतदान घेतलं नाही, मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरलं. जून 2025 मध्ये दारूवरचं शुल्क वाढवून वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील असं सरकारने सांगितलं. त्या पैशात आमच्या सोयाबीनचा वाटा किती, तेही एकदा सांगा. निवडणुकीत आमच्या पारावर उभं राहून ‘दुकान हटवतो’ म्हणणारा पुढारी आता फोनही उचलत नाही. पाच वर्षं बायकांची मतं हवीत, मग त्यांचं मत मोजायची वेळ आली की कायदा आडवा येतो.

झालेल्या मतांवर निकाल लावा. मतदानाआधी यादीतली मयत आणि सासरी गेलेली नावं काढा. ऊसतोडीच्या महिन्यांत मतदान ठेवू नका. यापलीकडे आमचं काही मागणं नाही.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. परवा रात्री उशिरा आला, दार उघडलं आणि मला वास आला. त्याने मान खाली घातली. मीही काही बोलले नाही, ताट वाढलं.

नव्या अर्जाला 25 टक्के, म्हणजे 353 सह्या लागतात. कालपर्यंत 212 झाल्या. ज्या बाईला मार बसला, तिची सही पहिली आहे.

आपली,
बचत गटाची सचिव